आधी हात, मग हवा

पुण्यात हडपसरला चहूबाजूंनी शहर वाढले, तरी मधे एक मोकळे मैदान टिकून आहे. ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे ग्लायडिंग सेंटर. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकापासून इथे इंजिन नसलेली विमाने उडत आली. मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर आणि मधे लांबच लांब केबल. विंच केबल गुंडाळू लागला की काही सेकंदांत ग्लायडर ताशी शंभरेक किलोमीटरच्या वेगाने नाक वर करून चढू लागतो आणि केबलच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश उंची गाठतो. मग वैमानिक केबल सोडून देतो. आता त्याच्या हाती उरते गाठलेली उंची, भोवतालची हवा आणि एक स्टिक.

ती स्टिक पंखाला खरोखर जोडलेली आहे ना, हा प्रश्न जमिनीवरच सोडवावा लागतो. हवेत त्याचे उत्तर कळले, तर फार उशीर झालेला असतो. ग्लायडिंगच्या मैदानावर रोज सकाळी, पहिल्या उड्डाणाच्या आधी, हे उत्तर शोधण्याची एक रीत आहे. तिच्यात महागडे यंत्र लागत नाही. दोन माणसे लागतात.

मुंबईत ग्लायडिंगचे मैदान नाही. आमच्या दिंडोशीच्या मागे, आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या टेकड्यांवर उन्हाळ्याच्या दुपारी घारी पंख न हलवता गोल गोल चढत जातात. तापलेल्या जमिनीवरून वर उठणारा गरम हवेचा स्तंभ, म्हणजे थर्मल, त्यांना उचलतो. ग्लायडरचा वैमानिक याच हवेच्या शोधात असतो. घार नीट पाहिली तर दिसते की पंख स्थिर असले तरी तिचे शेपूट सतत डावीउजवीकडे कलत असते. न फडफडता उडणे म्हणजे काही न करता उडणे नव्हे, हे तिथे कळते. पण इथल्या आकाशात सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांची रांग असते आणि जुहूच्या 1928च्या धावपट्टीवरून हेलिकॉप्टरे ये-जा करतात. त्यामुळे ग्लायडिंग शिकायचे तर दिंडोशीकराला घाट चढून पुणे गाठावे लागते.

हडपसरला शिकणाऱ्यांच्या ओळखीचा ग्लायडर म्हणजे एएसके 21. जर्मनीच्या अलेक्झांडर श्लायशर कंपनीसाठी रुडोल्फ कायझर यांनी तो आखला आणि 1979मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. फायबरग्लासचे अंग, 17 मीटरचा पंखविस्तार, पुढे शिकणारा आणि मागे शिकवणारा. शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून तो सुमारे 34 किलोमीटर तरंगत जाऊ शकतो. पण विंचने मिळते ती उंची काही शे मीटरचीच. थर्मल सापडला नाही तर पाच-सहा मिनिटांत उतरावे लागते. उतरताना अंदाज चुकला तर इंजिन वाढवून पुन्हा फेरी मारण्याची सोय नाही. म्हणून ग्लायडरमध्ये प्रत्येक कंट्रोलला पहिल्याच वेळी साथ द्यावी लागते.

कंट्रोल मोजकेच असतात. पंखांच्या टोकांकडचे एलरॉन ग्लायडरला डावीउजवीकडे कलवतात. शेपटीवरचा एलिव्हेटर नाक वर-खाली करतो. रडर पायांच्या पेडलने वळतो. पंखातून वर उघडणारे एअरब्रेक उतरताना उंची कमी करतात. याशिवाय ट्रिम, चाकाचा ब्रेक आणि केबल सोडणारी पिवळी मूठ. या साऱ्यांना कॉकपिटपासून टोकापर्यंत नेणारे पुशरॉड, केबल, पुली आणि बिजागऱ्या अंगाच्या आत लपलेल्या असतात. बाहेरून सगळे गुळगुळीत, पांढरे आणि निर्दोष दिसते.

ग्लायडरचे एक वैशिष्ट्य त्याला जास्त नाजूक करते: तो खोलला जातो. ट्रेलरवर चढवायचा, हँगरमध्ये जागा करायची किंवा दुरुस्तीला न्यायचा, तर पंख अंगापासून वेगळे करतात, शेपटीचा आडवा पंखही उतरवतात. पुन्हा जोडताना मुख्य पिना बसवायच्या आणि प्रत्येक कंट्रोलचा सांधा जुळवायचा. अनेक जुन्या ग्लायडरमध्ये हे काम लोटेलिए नावाच्या सांध्याने होते. एका बाजूला धातूची गोळी, दुसऱ्या बाजूला तिला पकडणारी वाटी आणि ती पकड कायम ठेवणारी स्प्रिंगची पट्टी. सांधा बसला की पट्टीच्या बारीक छिद्रातून सेफ्टी पिन घालायची.

हा सांधा चुकीचा बसण्याची शक्यता त्याच्या रचनेतच आहे. वाटी गोळीवर नुसती टेकलेली असली, तरी स्टिक हलवली की एलरॉन हलतो. पट्टी अर्धवट बसली तरी तो हलतो. वरून पाहणाऱ्याला शंका येत नाही. हवेत गेल्यावर भार येतो, थरथर होते आणि टेकलेली वाटी निसटते. जगभर असे अपघात झाले, म्हणून 1990च्या दशकात जर्मन नियामकाने या सांध्यांना सेफ्टी पिन किंवा त्यावर सरकणारी वेडेकिंड स्लीव्ह सक्तीची केली. नव्या ग्लायडरमध्ये पंख खोबणीत सरकवला की कंट्रोल आपोआप जुळतात. तिथेही जुळले की नाही, हे तपासणे सुटत नाही.

तपासणी सुरू होते कॉकपिटपासून. आत कोणी बसलेले नसताना सीटखाली पाहायचे. पेन, नाणे, मोबाइल किंवा सुटलेली उशी स्टिकच्या मुळाशी सरकली तर ऐन वेळी स्टिक अडते. मग ग्लायडरभोवती एका बाजूने फेरी. बिजागऱ्यांच्या पिना जागेवर आहेत का, रंगाला केसाएवढा तडा गेलाय का, पाणी जाण्याची भोके मोकळी आहेत का, हवेचा वेग मोजणाऱ्या नळीत गांधीलमाशीने माती भरली आहे का. प्रत्येक एलरॉन हाताने हलके हलवून त्यातला ढिलेपणा, मेकॅनिक ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो, पाहायचा. थोडा प्ले ठरलेल्या मर्यादेत चालतो. तो वाढला तर वेगात त्या पृष्ठभागाला फडफड सुटू शकते. तिला फ्लटर म्हणतात आणि ती सुरू झाली की काही क्षणांत पंख मोडू शकतो. म्हणूनच कंट्रोलचा पृष्ठभाग दुरुस्त केला किंवा पुन्हा रंगवला, की त्याचे वजन आणि तोल पुन्हा मोजतात. रंगाच्या एका जादा थराने बिजागरीच्या मागचे वजन वाढते आणि फ्लटर कमी वेगालाच सुरू होण्याचा धोका निर्माण होतो.

यानंतर येते ती गोष्ट, जिच्यासाठी मला हा सगळा विषय महत्त्वाचा वाटतो. तिला पॉझिटिव्ह कंट्रोल चेक म्हणतात. एक जण कॉकपिटमध्ये स्टिक धरून बसतो. दुसरा बाहेर एलरॉनच्या मागच्या कडेपाशी उभा राहून तळहाताने तो हलकेच पण ठाम धरतो.

“धरलंय?”

“धरलंय, सर. दाबा.”

आतला स्टिक डावीकडे नेऊ पाहतो, बाहेरचा एलरॉनला हलू देत नाही. मग उजवीकडे. स्टिक अडली तर सांधा खरोखर जोडलेला आहे. बाहेरचा हात एलरॉन रोखून असतानाही स्टिक मोकळी सरकली, तर मधे कुठेतरी काही सुटलेले आहे. हेच दुसऱ्या पंखाला, मग एलिव्हेटरला, रडरला, एअरब्रेकला. नुसते हलताना पाहणे आणि रोखून पाहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोळा अपेक्षित तेच पाहतो. हाताला मात्र विरोध जाणवतो किंवा जाणवत नाही, तिसरी शक्यता नसते.

रोखून झाले की दिशा. स्टिक डावीकडे, तर डावा एलरॉन वर आणि उजवा खाली. स्टिक मागे, तर एलिव्हेटर वर. डावे पेडल, तर रडर डावीकडे. एअरब्रेक दोन्ही बाजूंनी सारखे उघडायला हवेत आणि बंद करताना कुलपासारखा घट्ट झटका लागायला हवा. बाहेरचा माणूस हे मोठ्याने सांगतो, आतला दुजोरा देतो. एकाच माणसाने आतून स्टिक हलवत मान वळवून पाहिले, तर शेपटीवरचा एलिव्हेटर त्याला धड दिसतही नाही.

दिशेची चूक किती सहज सुटते, हे मोठ्या विमानांनीही दाखवले आहे. 23 ऑगस्ट 1947ला इंग्लंडमध्ये वुडफर्ड इथे अव्ह्रो ट्यूडर विमान चाचणीसाठी उडाले आणि कोसळले. दुरुस्तीत एलरॉनच्या केबल उलट जोडल्या गेल्या होत्या. मृतांमध्ये लँकेस्टर बॉम्बरचे रचनाकार रॉय चॅडविक होते. एकाहत्तर वर्षांनी, 11 नोव्हेंबर 2018ला, पोर्तुगालमधून एअर अस्तानाचे एम्ब्राएर विमान देखभालीनंतर निघाले, त्यातही एलरॉनच्या केबल चुकीच्या बसवलेल्या होत्या. वैमानिकांनी दीडेक तास ते अनावर विमान कसेबसे सांभाळले आणि बेजाच्या तळावर उतरवले. सहाही जण वाचले. देखभाल झाली होती, उड्डाणाआधीचे चेकही झाले होते. तरी एलरॉन उलट हलतो आहे हे कोणाला दिसले नाही.

कंट्रोलला लावलेले कुलूप काढायचे राहण्याचीही अशीच कहाणी आहे. 30 ऑक्टोबर 1935ला अमेरिकेत डेटन इथे बोइंग मॉडेल 299 उडताच कोसळले. जमिनीवर वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून लावलेले लॉक काढायचे राहिले होते. त्या अपघातातून वैमानिकांची चेकलिस्ट रुजली. पण चेकलिस्टही पुरत नाही. 31 मे 2014ला बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट लॉक न काढताच धावले आणि सातही जण गेले. तपासात कळले की त्याच वैमानिकांनी आधीच्या 175 उड्डाणांपैकी फक्त 2 वेळा कंट्रोलची पूर्ण तपासणी केली होती. ते अननुभवी नव्हते. त्यांची सवय सुटली होती.

भारतात ग्लायडरची परंपरा परदेशी यंत्रांपुरती नाही. दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात नक्षत्रांच्या नावांचे ग्लायडर आखले गेले: 1958मध्ये उडालेला अश्विनी, 1961चा रोहिणी, 1963चा कार्तिक, पुढे मृगशीर आणि एनसीसीसाठीचा आर्द्रा. रोहिणीत शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसत. लाकडाच्या या ग्लायडरांची तपासणी वेगळ्या जाणतेपणाची होती. केबलवरून फडके फिरवायचे, कारण तुटलेली एखादी तार डोळ्याला दिसण्याआधी फडक्याला अडकते. टर्नबकल सैल होऊ नये म्हणून बांधलेली लॉकिंग वायर शाबूत आहे का, हे पाहायचे. आणि सांध्यांतला गोंद. 1944मध्ये भारतातल्या उष्ण-दमट हवेत मॉस्किटो या लाकडी लढाऊ विमानांच्या पंखांचे सांधे निकामी होऊ लागले आणि ती विमाने जमिनीवर थांबवावी लागली. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगते, लोखंड गंजते, बेअरिंगमधले ग्रीस जाते. फायबरग्लासला गोंदाची ती काळजी नाही, पण आतल्या पुशरॉडना आणि बेअरिंगना पावसाळा लागतोच.

रोजच्या तपासणीच्या वर परवानाधारक एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरची तपासणी असते. कंट्रोलच्या यंत्रणेला हात लागला, एखादा पुशरॉड काढून पुन्हा बसवला, तर तिथे दोघांची तपासणी लागते. एकाने काम केले, दुसऱ्याने स्वतंत्रपणे पाहिले आणि दोघांनी सही केली. त्या दुसऱ्या सहीचा अर्थ पहिल्यावर संशय असा मुळीच नाही. ज्याने काम केले त्याला ते काम झालेलेच दिसते. माणसाची नजर अशीच घडलेली आहे. दुसरा माणूस ते काम प्रथमच पाहतो.

ही दुहेरी नजर सर्वांत आधी कमी होते ती घाईत. ढग छान जमले आहेत, रांगेत दहा विद्यार्थी आहेत, सूर्य कलतो आहे, आणि एलरॉन धरायला मोकळा माणूस नाही. चांगली ग्लायडिंग संस्था ओळखायची तर त्या क्षणी पाहावी. तिथे विंच थांबतो, रांग थांबते आणि कोणीतरी येऊन एलरॉन धरतो. पंखाचे टोक सावरून उभा असलेला सोळा-सतरा वर्षांचा कॅडेटही, काही खटकले तर, ‘स्टॉप’ असे ओरडू शकतो. तो शब्द ऐकला की प्रक्षेपण थांबते. आधी थांबायचे, मग कारण विचारायचे. ओरडणाऱ्याचे वय किंवा हुद्दा पाहायचा नाही. ज्येष्ठांपुढे बोलू नये असे शिकवल्या गेलेल्या आपल्या मुलांना हा अधिकार मैदानावर मिळतो आणि तो वापरण्याची जबाबदारीही. हडपसरसारखे मैदान टिकले पाहिजे असे मला वाटते त्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

मुलाला किंवा मुलीला ग्लायडिंगला पाठवणाऱ्या पालकांनी फी जरूर विचारावी. पण त्याआधी मैदानावर जाऊन विचारावे: आज सकाळी या ग्लायडरचे कंट्रोल कोणी धरून पाहिले, आत कोण बसले होते, आणि त्यांची सही कुठे आहे? जिथे या प्रश्नाने कोणी दुखावत नाही, उलट वही उघडून दाखवतात, तिथे मुलांना निर्धास्तपणे हवेच्या स्वाधीन करावे.