विश्लेषण : प्रवाळांच्या टाकीतील उपद्रवी जीव कसे ओळखायचे? ते मारण्याची घाई का नको?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा प्रवाळ सोडला की त्याच्याबरोबर न बोलावलेले पाहुणेही येतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, काही उपयोगीही असतात आणि मोजकेच घातक ठरतात. हा फरक न ओळखता औषध ओतले किंवा दिसेल ते खरवडले, तर उपद्रव वाढतो आणि कधी कधी माणसाच्या जिवावरही बेतते.

हे जीव टाकीत येतात कसे?

घरच्या टाकीत प्रवाळ वाढवण्याचा छंद अमेरिका आणि युरोपात चांगलाच रुजला आहे. तिथे प्रवाळाचे लहान तुकडे सिरॅमिकच्या किंवा सिमेंटच्या बुचावर चिकटवून विकले जातात. या बुचाची खालची बाजू, तुकड्याचा मृत भाग आणि टाकीत रचलेल्या सच्छिद्र खडकाची भोके यांत कृमी, गोगलगायी, खेकडे, शेवाळ आणि मुख्य म्हणजे डोळ्यांना सहज न दिसणारी अंडी लपलेली असतात. समुद्रात त्यांना खाणारे मासे असतात. टाकीत ते नसतात, म्हणून त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

सर्वात जास्त त्रास कोणाचा?

नवख्यांच्या टाकीत सर्रास आढळणारा उपद्रवी जीव म्हणजे एप्टेशिया हे छोटे समुद्रफूल. बारीक देठ, वर तपकिरी, काहीसे पारदर्शक तंतू आणि सावली पडताच भोकात शिरण्याची सवय, ही त्याची ओळख. दिसायला ते गोंडस असते, पण त्याच्या डंखाने शेजारचा प्रवाळ मरतो. चिमट्याने ओढले किंवा ब्रशने घासले तर पायाच्या उरलेल्या प्रत्येक कणातून नवे समुद्रफूल उगवू शकते. म्हणजे एकाची दहा करण्याचा हा खात्रीचा मार्ग.

त्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे शुद्ध चुन्याची, दाट पेस्ट वापरतात. पंप बंद करून सिरिंजने ती थेट त्याच्या तोंडावर सोडायची. पानाच्या डबीतला चुना इथे चालत नाही, कारण त्यात इतर काय मिसळले आहे हे कळत नाही. चुन्यामुळे पाण्याचा पीएच वाढतो, म्हणून एका वेळी तीन-चारच समुद्रफुले घ्यावीत. हातमोजे आणि चष्मा हवाच.

पेपरमिंट कोळंबीही एप्टेशिया खाते, पण प्रत्येक कोळंबी खाईलच असे नाही. बर्गिया नावाची बिनशिंपल्याची छोटी समुद्री गोगलगाय मात्र एप्टेशियावरच जगते. खाद्य संपले की ती उपाशी मरते, म्हणून काम झाल्यावर ती दुसऱ्या हौशी व्यक्तीला द्यावी.

प्रवाळ खाणारे जीव कसे ओळखायचे?

इथे जीवापेक्षा त्याच्या खुणा आधी दिसतात. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळावर गोलसर फिके डाग पडले आणि रंग उतरू लागला, तर चपट्या कृमीचा संशय घ्यावा. त्याचा रंग प्रवाळाशी इतका जुळतो की तो समोर असूनही दिसत नाही. पिपेटने पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो सुटून तरंगतो. फांदीच्या बुडाशी मृत भागावर त्याची तपकिरी अंडी पुंजक्याने असतात. २०११मध्ये या कृमीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्याला ‘अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी’ हे नाव मिळाले.

ॲक्रोपोरावरच अर्ध्या मिलिमीटरचा, पिवळसर अंगावर लाल ठिपका असलेला ‘रेड बग’ असतो. भिंगाशिवाय तो दिसणे कठीण. माँटिपोरा या पसरट प्रवाळाच्या कडेने पांढरे, मेलेले पट्टे सरकू लागले, तर ती प्रवाळ खाणाऱ्या पांढऱ्या गोगलगायीची खूण. ती काही मिलिमीटर लांब असते आणि पाठीवर झालरीसारखे उंचवटे असतात. दिवसा ती प्रवाळाच्या खालच्या बाजूला दडून बसते.

मग निरुपद्रवी कोण?

सर्वात जास्त विनाकारण बळी जातो तो केसाळ कृमीचा. हा गुलाबी-राखाडी, बाजूंना पांढरे केस असलेला कृमी रात्री बाहेर पडतो आणि मेलेल्या प्रवाळावर सापडतो. त्यामुळे खुनाचा आळ त्याच्यावर येतो. प्रत्यक्षात बहुतेक जातींचे हे कृमी उरलेले अन्न आणि मृत मांस खाणारे सफाई कामगार असतात. त्यांची संख्या फार वाढली तर माशांना अन्न जास्त पडते आहे, एवढाच अर्थ. मात्र त्यांना उघड्या हाताने धरू नये. केस त्वचेत रुततात आणि आग होते. रुतलेले केस चिकटपट्टीने काढता येतात.

नळीत राहणाऱ्या वर्मेटिड गोगलगायी मधल्या गटातल्या. त्या चिकट जाळे सोडून अन्न पकडतात. हे जाळे प्रवाळाला लागले की तो आक्रसतो. नळी चिमट्याने मोडावी किंवा तिचे तोंड घट्ट जेल ग्लूने बंद करावे.

औषध कधी आणि कसे?

पहिला नियम असा, की तांबे असलेले माशांचे औषध प्रवाळांच्या टाकीत कधीही घालू नये. माशांच्या परजीवींवर ते गुणकारी असले तरी प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी त्याने मरतात.

दुसरा नियम, उपचार टाकीबाहेर करावा. त्याच टाकीचे पाणी बादलीत घेऊन त्यात प्रवाळासाठी मिळणारे द्रावण सूचनेनुसार मिसळायचे आणि तुकडा सांगितलेली मिनिटे त्यात बुडवायचा. मग दुसऱ्या बादलीत धुऊन परत ठेवायचा. द्रावणाचे पाणी टाकीत ओतायचे नाही. बहुतेक द्रावणांनी अंडी मरत नाहीत, म्हणून जुने बूच काढून टाकणे, अंडी खरवडणे आणि दर आठवड्याला पुन्हा बुडवणे हे काही आठवडे चालू ठेवावे लागते.

लालसर चपटे कृमी टाकीभर पसरले असतील तर आणखी सावध राहावे. ते एकदम मेले की त्यांच्या शरीरातील विष पाण्यात उतरते. आधी नळीने शक्य तितके ओढून काढावेत, मगच औषध द्यावे. त्यानंतर ॲक्टिव्हेटेड कार्बन लावून पाणी बदलावे.

माणसाला धोका कोणता?

पॅलिथोआ आणि त्याच्या जवळच्या काही बटणासारख्या मऊ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. हे प्रवाळ वेगाने पसरतात, म्हणून त्यांनाही उपद्रवी ठरवून लोक खडक उकळतात किंवा गरम पाण्याने घासतात. त्या वाफेतून विष श्वासात जाऊ शकते. ताप, खोकला, श्वास लागणे, तोंडात धातूसारखी चव ही त्याची लक्षणे. अमेरिकेतील अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि दुकानांत अशी संशयित प्रकरणे नोंदली गेली. खडक कधीही उकळू नये. उकळला गेलाच आणि त्रास जाणवला, तर घरातील सर्वांनी बाहेर पडावे आणि डॉक्टरांना टाकीत कोणता प्रवाळ होता हे आवर्जून सांगावे.

भारतात कायदा काय सांगतो?

दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या अनुसूची १मध्ये आहेत. त्यामुळे मालवणच्या किंवा अंदमानच्या किनाऱ्यावरून तुकडा आणणे, तो विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा ठरतो. सांगाड्याचा मृत तुकडाही त्यातून सुटत नाही. म्हणून वर सांगितलेली माहिती भारतातील हौशींना मासे, कोळंबी आणि खडकांच्या टाकीपुरती उपयोगी आहे. परदेशात राहणाऱ्यांनीही आपल्या देशाचे नियम आधी तपासावेत.

सर्वात सोपा उपाय कोणता?

नवा तुकडा थेट मुख्य टाकीत न सोडणे. वेगळ्या छोट्या टाकीत तो चार ते सहा आठवडे ठेवला, तर अंडी फुटून बाहेर आलेले जीव तिथेच सापडतात. दिवे मालवल्यावर तासाभराने लाल प्रकाशाच्या टॉर्चने पाहणी करावी. काही सापडले तर आधी स्पष्ट छायाचित्र घ्यावे, ओळख पटवावी आणि मगच हात घालावा.

काढलेला जीव, शेवाळ किंवा टाकीचे पाणी समुद्रात अथवा नाल्यात टाकू नये. १९८४मध्ये मोनॅकोतील मत्स्यालयाजवळ दिसलेले कॉलर्पा हे शेवाळ पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर पसरले आणि तिथल्या समुद्री गवतावर संकट आले. टाकीतला उपद्रव टाकीतच संपवणे ही टाकी ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे.