अठरा सेंटिमीटरचा खेळाडू

व्यास 18 सेंटिमीटर, उंची 15. रोबोकप या रोबो फुटबॉलच्या स्पर्धेतल्या ‘स्मॉल साइज लीग’मध्ये याहून मोठा रोबो मैदानात उतरू शकत नाही. चेंडू म्हणून नारिंगी गोल्फ बॉल. एवढ्याशा जागेत चार मोटरी, बॅटरी, रेडिओ, किक मारणारं यंत्र आणि चेंडू पायाशी धरून ठेवणारा ड्रिब्लर बसवायचा असतो. वरवर पाहणाऱ्याला ते खेळणं वाटतं. रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत ज्यांनी लेथवर हात काळे केले आहेत, त्यांना मात्र तो उघडून दाखवला की लगेच कळेल, यात खरी कसोटी सुट्या भागांच्या मापाची आहे.

चाकापासूनच बघा. त्याच्या परिघावर बारीक रोलर आडवे ओवलेले असतात, म्हणून ते पुढे फिरतं आणि बाजूलाही सरकतं. अशा चार चाकांचे वेग वेगवेगळे ठेवले की रोबो तोंड न वळवता कुठल्याही दिशेला जातो, जाता जाता गिरकीही घेतो. रोलरच्या पिना सैल राहिल्या, तर सगळा रोबो थरथरतो आणि नेम चुकतो.

पुढच्या बाजूला एक आडवा रबरी रूळ फिरत असतो. तो चेंडूला उलटी फिरकी देतो, त्यामुळे रोबो मागे सरला तरी चेंडू त्याच्याजवळच राहतो. मात्र वरून पाहिलं असता चेंडूचा 20 टक्क्यांहून जास्त भाग रोबोने झाकता कामा नये, असा नियम आहे. त्या रुळाखाली किकर: तांब्याच्या तारेची कॉइल आणि तिच्या आत सरकणारा दांडा. बॅटरीवरून कपॅसिटर 200 व्होल्टच्या आसपास भरून ठेवायचे आणि ऐन वेळी एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामे करायचे. चेंडूचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या पुढे गेला, तर तो फाउल. हे कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय रोबोत बोट घालायचं नाही, हा नव्या मुलांचा पहिला धडा असायला हवा.

रोबोच्या डोक्यावर रंगीत ठिपके असतात. मधला निळा किंवा पिवळा, म्हणजे संघ कोणता ते कळतं. भोवतालच्या चारांवरून खेळाडूचा नंबर. मैदानावर टांगलेले कॅमेरे ही माहिती दोन्ही संघांना सारखीच पुरवतात. डावपेच मात्र ज्याच्या त्याच्या संगणकाचे, आणि सामना चालू असताना कुणीही माणूस रोबो चालवत नाही. चित्र टिपणं, हिशेब करणं, रेडिओवरून हुकूम पोचवणं यात सेकंदाचा दहावा भाग गेला, तरी जोरात मारलेला चेंडू 65 सेंटिमीटर पुढे निघून गेलेला असतो. म्हणून चेंडू आत्ता दिसतो तिथे धावून भागत नाही. तो कुठे पोचेल याचा अंदाज बांधून आधीच निघावं लागतं. मला या खेळातलं सगळ्यात सुंदर गणित हेच वाटतं. 2015 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सीएमड्रॅगन्स संघाने विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांनी 48 गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही.

रोबोकपची पहिली स्पर्धा 1997 मध्ये जपानमधल्या नागोयात झाली. 2050 पर्यंत माणसांच्या जगज्जेत्या संघाला हरवायचं, हे तिचं ध्येय. ते साधो न साधो, या मैदानातून उद्योग उभे राहिले आहेत. कॉर्नेल विद्यापीठाचा विजेता संघ घडवणारे रफाएलो डी’आंद्रेआ पुढे किवा सिस्टिम्सचे सहसंस्थापक झाले. गोदामातली शेल्फं उचलून कामगारापाशी आणणारे रोबो ही कंपनी बनवायची. 2012 मध्ये ॲमेझॉनने ती 77.5 कोटी डॉलरला विकत घेतली. गोदामांच्या आणि मालट्रकांच्या उरल्यात ही गोष्ट सांगितलीच पाहिजे.

आपल्याकडे खरगपूरच्या आयआयटीत विद्यार्थ्यांनी ‘खरगपूर रोबोसॉकर स्टुडंट्स ग्रुप’ उभा केला. रायपूरहून हावड्याची गाडी धरली की ते वाटेवरच लागतं. महाराष्ट्रातली मुलं घडली ती मुख्यतः रोबोकॉनमध्ये. आशिया-पॅसिफिक पातळीवरची ही स्पर्धा 2008 मध्ये पुण्यात झाली, तेव्हा रोबोंना चक्क दहीहंडीवर बेतलेला खेळ दिला होता. 2014 मध्ये ती पुन्हा पुण्यात आली. त्या वेळी मोठ्या रोबोने छोट्याला सीसॉ आणि झोक्यावर खेळवायचं होतं. तिथे दर वर्षी खेळ बदलतो, म्हणून यंत्र नव्याने घडवावं लागतं. रोबो फुटबॉलमध्ये खेळ तोच राहतो आणि गेल्या वर्षीच्या रोबोत सुधारणा करता येते. एखाद्या विद्यापीठाने दीर्घकाळ अंगावर घ्यावं असं काम मला म्हणूनच हे वाटतं.

अडचण माणसांची आहे. बी.टेक.ची मुलं चार वर्षांत निघून जातात. पहिलं वर्ष शिकण्यात जातं, शेवटचं नोकरीच्या मुलाखतींत. हातात उरतात मधली दोन. संघ टिकवायचा तर कुठल्या मोटरीचा गिअर झिजला, कुठला बोर्ड जळला आणि का, हे लिहून ठेवण्याची सवय यंत्र बनवण्याइतकीच मोलाची. रोबोकपमध्ये प्रत्येक संघाला आपल्या रोबोची रचना सांगणारा लेख द्यावा लागतो. जर्मनीचा टायगर्स मानहाइम तर अनेकदा जिंकलेला संघ, तरी त्याने आपली सर्किटं आणि प्रोग्रॅम सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. नव्या संघाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, ती या उदारपणामुळे.

रायपूरला असा संघ पेलण्याजोगं पुष्कळ काही आहे. 1956 मध्ये खाणकाम आणि धातुशास्त्राचं कॉलेज म्हणून सुरू झालेली एनआयटी शहरात आहे, आयआयटी भिलाई फार लांब नाही आणि उरल्यात लोखंडाच्या कामात मुरलेले कारागीर आहेत. मुलांनी ड्रॉइंग घेऊन शॉपमध्ये यावं, टर्नरने ‘हा कोपरा असा निघणार नाही’ म्हणून सांगावं आणि ड्रॉइंग तिथल्या तिथे दुरुस्त व्हावं. पहिले काही महिने ‘ग्रसिम’ या मोफत सिम्युलेटरवर डावपेच बसवता येतील. मग एकच रोबो बनवावा, त्याला सरळ रेषेत धावायला आणि चेंडू थांबवायला शिकवावं, आणि तो नीट चालला की त्याच मापाचे आणखी पाच. लीगच्या ‘ब’ गटात सहा रोबो पुरतात. मैदान लागतं 9 बाय 6 मीटरचं.