काळ्या रबरावरचा पांढरा डाग

मोटारगाडीला पॉलिश करणे हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकात शोभणारा नाही, असे काही वाचकांना वाटेल. कथा, कविता आणि प्रवासवर्णनांच्या पंगतीत हा पॉलिशचा डबा कशाला? पण या कामावर आमच्या घराची चूल पेटते आणि माझी फी भरली जाते. वडील एका मोठ्या वसाहतीत पहाटे गाड्या धुतात. रविवारी व सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर जाते. तेव्हा कला शाखेच्या विद्यार्थिनीने रसायनशास्त्रात नाक खुपसले म्हणून विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी रागावू नये.

गाडीच्या काचांभोवती आणि दारांच्या कडेला जी काळी रबरी पट्टी असते तिला कारागीर ‘बीडिंग’ म्हणतात. गाडीच्या पत्र्याला पॉलिश करताना फडके थोडे जरी घसरले तरी ते या पट्टीला लागते. पत्र्यावरचे पॉलिश वाळल्यावर सहज पुसून निघते. पट्टीवरचे मात्र पांढरा डाग होऊन बसते. याचे कारण दोन्ही पृष्ठभागांत आहे. पत्र्यावरचा रंग काचेसारखा गुळगुळीत असतो. रबर वरून सपाट दिसले तरी त्याला बारीक खाचखळगे असतात, आणि पॉलिश त्यांत जाऊन बसते.

आता पॉलिशमध्ये असते काय? रंगावरचे ओरखडे घासून काढणारी अतिसूक्ष्म भुकटी, चमक देणारे मेण, आणि हे दोन्ही पसरता यावे म्हणून पाणी व रॉकेलच्या जातीचे उडून जाणारे द्रव. द्रव उडून गेला की भुकटी व मेण खाचेत राहतात. ही भुकटी बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. चांगल्या पॉलिशमध्ये कार्नौबा नावाचे मेण घालतात. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवर ते धरते आणि सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे नुसत्या कोमट पाण्याने ते वितळून निघेल ही आशा सोडलेली बरी.

डाग पांढराच का दिसतो, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. खडीसाखरेचा खडा हातात घ्या. त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. तोच खडा कुटून पिठीसाखर केली की ती पांढरीशुभ्र दिसते. साखर तीच, पण असंख्य कणांवर आणि त्यांच्यामधल्या हवेवर आपटून प्रकाश चहूकडे विखुरतो. वाळलेल्या पॉलिशचेही तसेच. त्यातून खालचे रबर काजळीमुळे काळेभोर, त्यामुळे डाग अधिकच उठून दिसतो.

यातूनच आणखी एक गोष्ट उलगडते. पट्टी ओली केली की पाणी कणांमधल्या पोकळीत शिरते, हवा बाहेर जाते, प्रकाश कमी विखुरतो आणि डाग गेल्यासारखा वाटतो. उन्हात पट्टी वाळली की तो पुन्हा हजर! गाडीच्या मालकाला वाटते, धुणाऱ्याने कामात अंग चोरले. गेल्या दिवाळीत एका गृहस्थांनी याच कारणावरून वडिलांच्या महिन्याच्या पैशांतून २०० रुपये कापून घेतले. पॉलिशचा डबा त्यांचा, भर उन्हात पॉलिश करायचा हुकूमही त्यांचाच. वडील काही बोलले नाहीत. बोलायला जे शब्द लागतात ते त्यांच्याजवळ नव्हते, म्हणून मी हा लेख लिहिते आहे.

असा डाग काढायला बरेच जण पेट्रोलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवतात. डाग चटकन जातो हे खरे, पण हा उपाय वाईट आहे. आजच्या गाड्यांच्या पट्ट्या बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात. ऊन, पाऊस आणि ओझोन यांना हे रबर चांगली दाद देत नाही. पेट्रोल व खनिज तेल यांच्यापुढे मात्र ते हार खाते. ते तेल शोषून फुगते आणि मऊ पडते. रबर लवचीक राहावे म्हणून त्यात घातलेले तेल पेट्रोलबरोबर निघून जाते, आणि पट्टी पुढे आखडते, कडक होते, तडकते. मग पावसाळ्यात दारातून पाणी आत येते. थिनर तर शेजारच्या रंगालाही सोडत नाही. आणि रोज पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या हातांच्या कातडीचे काय होते ते मी घरी पाहते.

आमची रीत अशी. गाडी सावलीत घ्यावी. पट्टी कोरडी असतानाच दात घासायच्या जुन्या, मऊ ब्रशने डाग घासावा. सुटी भुकटी तेवढ्यानेच झडते. मग कोमट पाण्यात शाम्पू घालून त्याच ब्रशने खाचेच्या दिशेने घासावे आणि लगेच ओल्या फडक्याने टिपून घ्यावे, नाहीतर निघालेला मळ पुन्हा तिथेच बसतो. लहान डागाला पांढरा खोडरबर उत्तम. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७० मध्ये नोंदवले होते की झाडाच्या चिकापासून झालेला हा पदार्थ पेन्सिलीच्या खुणा पुसतो. इंग्रजीतले ‘रबर’ हे नाव या पुसण्यावरूनच पडले. रबराने रबर पुसायचे, ही गंमत मला आवडते.

एवढ्यानेही न गेल्यास औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल तितक्याच पाण्यात मिसळून फडक्याला लावावे. ईपीडीएमला त्याचा त्रास होत नाही. तरी आधी दाराच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावे. जवळ विडी-काडी नसावी. शेवटी साध्या पाण्याने धुऊन पट्टी पूर्ण वाळू द्यावी आणि मगच डाग गेला की नाही ते ठरवावे. ओल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये.

सगळा पांढरेपणा पॉलिशचाच असतो असेही नाही. डाग फडक्याच्या फटकाऱ्यासारखा, रंगाच्या कडेला लागून असेल तर तो पॉलिशचा. उन्हाकडची सगळी पट्टी एकसारखी फिकी पडली असेल तर ते रबराचे वय समजावे. तिथे ब्रश झिजवून उपयोग नाही, आणि धुणाऱ्याला बोल लावूनही नाही.

पॉलिश करण्यापूर्वी रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी बीडिंगवर लावली की हा सगळा खटाटोप वाचतो. एका गाडीला पंधरा मिनिटे लागतात. चिकटपट्टीचे पैसे कोणी द्यायचे, हे आता वडील पॉलिशचा डबा हातात घेण्यापूर्वीच विचारतात.