हामामात्सू : बढतीच्या किल्ल्याखालचे शहर

सुझुकी, यामाहा आणि होंडा ही नावे भारतीय रस्त्यांवर आता इतकी रुळली आहेत की ती परकी वाटतच नाहीत. ही तिन्ही नावे मुळात एकाच गावची आहेत, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. टोकियो आणि ओसाका यांच्या साधारण मध्यावर, शिझुओका प्रांतात, पूर्वेला तेन्र्यू नदी आणि पश्चिमेला हामाना सरोवर यांच्या दरम्यान वसलेले हामामात्सू हे ते शहर. लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास. क्योतोसारखी मंदिरे किंवा टोकियोसारखा झगमगाट येथे नाही. शिंकान्सेन मार्गावरील सर्वांत वेगवान 'नोझोमी' गाड्या तर येथे थांबतही नाहीत. मात्र एका कारागिरीच्या पोटातून दुसरी कारागिरी कशी जन्माला येते, हे पाहायचे असेल तर याच्याइतके बोलके शहर जपानमध्ये क्वचितच सापडेल.

आधी किल्ल्याविषयी. १५७० साली तोकुगावा इएयासु या तरुण सरदाराने आपले ठाणे येथे हलवले. त्या वेळी येथील किल्ल्याचे नाव होते हिकुमा. त्याचा अर्थ 'घोडा ओढणे' असा निघतो. लढवय्याला घोडा मागे ओढण्याची, म्हणजे माघारीची, आठवण देणारे नाव अशुभ म्हणून त्याने ते बदलले, असे सांगतात. नाव बदलूनही माघार काही टळली नाही. १५७३ च्या जानेवारीत शहराच्या उत्तरेकडील मिकातागाहारा पठारावर ताकेदा शिंगेनच्या सैन्याने त्याचा दारुण पराभव केला आणि तो जेमतेम जीव वाचवून किल्ल्यात परतला. त्या रात्री त्याने दरवाजे सताड उघडे ठेवून मशाली पेटवल्या, आणि हा सापळा असावा अशा संशयाने शत्रू पुढे सरकला नाही, अशी दंतकथा आहे. १५८६ मध्ये इएयासुने हामामात्सू सोडले. पुढे १६०३ साली तो साऱ्या जपानचा शोगुन झाला.

त्याच्यानंतर या किल्ल्यावर नेमले गेलेले अनेक सरदार शोगुनच्या दरबारात मोठ्या पदांवर चढले. त्यामुळे लोक त्याला 'शुस्से-जो', म्हणजे बढतीचा किल्ला, म्हणू लागले. मिझुनो तादाकुनी याची कथा तर मासलेवाईक आहे. त्याच्याकडे कारात्सूची अधिक उत्पन्नाची जहागीर होती, पण ती सांभाळणाऱ्याला दरबारातील वरची पदे मिळत नसत. म्हणून त्याने खटपट करून १८१७ साली कमी उत्पन्नाचे हामामात्सू पदरात पाडून घेतले. कालांतराने तो मुख्य मंत्री झाला, १८४१ पासून त्याने कडक सुधारणा राबवल्या आणि १८४३ मध्ये पदच्युतही झाला. या साऱ्यात गावाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बढतीच्या किल्ल्याची खरी गोम अशी, की येथे जो वर चढतो तो निघून जातो. मेइजी काळात किल्लाही मोडला. आज दिसतो तो मनोरा १९५८ साली काँक्रिटमध्ये बांधलेला आहे. त्याखालचा ओबडधोबड दगडांचा चौथरा तेवढा जुना.

सरदार गेले, पण सुतार आणि विणकर येथेच राहिले. या परिसराला एन्शू म्हणतात. येथे कापूस पिकत असे आणि घरोघरी माग चालत. उत्तरेच्या डोंगरांतून तेन्र्यू नदीवाटे लाकूड खाली येई. ही नदी पुरासाठी कुप्रसिद्ध होती. किम्पारा मेइझेन या सधन गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात तिच्या बांधबंदिस्तीसाठी आपली मालमत्ता पणाला लावली आणि डोंगरउतारांवर देवदार-सुरूच्या जातीची लाखो झाडे लावली. कापूस, लाकूड आणि लाकडाला आकार देणारे हात, एवढ्या भांडवलावर या शहराचा पुढचा इतिहास उभा राहिला.

१८८७ साली यामाहा तोराकुसु नावाचा एक फिरता कारागीर रुग्णालयातील उपकरणे दुरुस्त करण्यासाठी येथे आला होता. गावातील प्राथमिक शाळेचा परदेशी ऑर्गन बिघडला होता. आपल्याकडे संगीत नाटकांत रंगमंचापुढे वाजणारा पायपेटीचा ऑर्गन अनेकांना आठवत असेल. त्याच कुळातले हे वाद्य. यामाहाने ते दुरुस्त केले, आतली रचना ध्यानात घेतली आणि एका साथीदाराच्या मदतीने तसाच दुसरा ऑर्गन बनवला. मग दोघांनी तो कावडीला बांधून हाकोनेच्या घाटातून टोकियोच्या संगीत विद्यालयापर्यंत चालत नेला. तेथील जाणकारांनी निकाल दिला, की वाद्य दिसते चांगले, पण सुरात नाही. यामाहा तेथेच थांबून महिनाभर स्वरशास्त्र शिकला आणि मगच परतला. १८९७ साली 'निप्पॉन गाक्की' ही कंपनी स्थापन झाली. तिच्याच एका कुशल कारागिराने, कावाई कोइचीने, १९२७ साली स्वतःचा पियानोचा कारखाना काढला.

दुसरा धागा मागाचा. सुझुकी मिचिओ हा सुताराकडे उमेदवारी केलेला तरुण. त्याने १९०९ साली येथे मागांचा कारखाना सुरू केला. सरोवराच्या पलीकडचा तोयोदा साकिची हाही मागाचाच संशोधक. त्याच्या उद्योगातून पुढे टोयोटा मोटार निघाली. लाकडी मागातून मोटारीपर्यंतची ही वाट वरकरणी अद्भुत वाटते. पण मागात धोटा ठराविक क्षणी, ठराविक वेगाने जावा लागतो, आणि हजारो फेऱ्यांत तो क्षण चुकून चालत नाही. इंजिनाच्या झडपांचे गणितही वेगळे नाही.

पियानोच्या कारखान्याची वाट अधिक वळणाची. लाकूड वाळवणे, चिकटवणे आणि तासणे यांत तरबेज असलेल्या निप्पॉन गाक्कीकडे १९२० च्या दशकात विमानांचे लाकडी पंखे बनवण्याचे काम आले.  युद्धकाळात असे पंखे तासणारे स्वयंचलित यंत्र ज्याने रचून दिले, तो होंडा सोइचिरो जवळच्याच खेड्यात १९०६ साली जन्मलेला लोहाराचा मुलगा. पिस्टनच्या कड्या जमेनात, तेव्हा धातुशास्त्र समजून घेण्यासाठी हा कारखानदार वयाच्या तिशीत येथील तंत्रविद्यालयात जाऊन बसला होता.

युद्धाने शहराची राखरांगोळी केली. १९४५ मध्ये वारंवार बॉम्बहल्ले झाले आणि जुलैअखेरीस समुद्रातून युद्धनौकांनीही तोफा डागल्या. कारखाने हेच लक्ष्य होते. वाद्यांच्या शहरावर तोफा का, याचे उत्तर त्या विमानाच्या पंख्यांत आहे. कारागिरीला स्वतःचा विवेक नसतो.

१९४६ साली होंडाच्या हाती लष्कराच्या बिनतारी संचांची छोटी इंजिने लागली. ती त्याने सायकलींना जोडली; पेट्रोलच्या टाकीच्या जागी अंथरूण उबदार ठेवण्याची गरम पाण्याची बाटली. लोकांना प्रवासाचे साधन हवेच होते. पाहता पाहता गावात डझनावारी मोटारसायकल कारखाने उघडले. सुझुकी १९५२ मध्ये या धंद्यात उतरली. पंख्यांची यंत्रे पडून असलेल्या निप्पॉन गाक्कीने १९५५ साली आपली पहिली मोटारसायकल बाहेर काढली. यामाहाच्या गाडीवर आजही तीन नादकाटे दिसतात, ते याचमुळे. येथील बोलीत 'यारामाइका' असा एक शब्द आहे. 'चला, करून तर पाहू' हा त्याचा भाव. स्थानिक लोक सगळे श्रेय त्याला देतात. माझ्या मते श्रेयाचा मोठा वाटा शेजारच्या गल्लीत हवा तो सुटा भाग करून देणाऱ्या लोहार-सुतारांचा आहे.

त्याच तंत्रविद्यालयात १९२६ च्या डिसेंबरमध्ये ताकायानागी केंजिरो यांनी काचेच्या नळीवर 'इ' हे एक जपानी अक्षर उमटवले होते. जपानमधील दूरचित्रवाणीचा तो आरंभ. त्यांच्या शिष्याने १९५३ साली काढलेली कंपनी आज हामामात्सू फोटोनिक्स म्हणून ओळखली जाते. तिच्या प्रकाशनळ्यांनी टिपलेल्या न्यूट्रिनोंच्या आधारे कोशिबा मासातोशी यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढा पसारा चालवायला माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९९० मध्ये जपानने कायदा बदलून परदेशी गेलेल्या जपान्यांच्या वंशजांना कामासाठी दारे उघडली. १९०८ पासून जपानी शेतकरी ब्राझीलच्या कॉफीमळ्यांत गेले होते. त्यांची नातवंडे आता हामामात्सूच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत आली. चेहरा जपानी, भाषा पोर्तुगीज. २००८ पर्यंत शहरातील ब्राझिलियनांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. मुलांच्या शाळेचे काय, विम्याचे काय, हे प्रश्न शहरालाच सोडवावे लागले. २००१ साली अशा शहरांनी एकत्र येऊन सरकारकडे केलेल्या मागण्या 'हामामात्सू जाहीरनामा' म्हणून प्रसिद्ध आहेत. मग मंदी आली. २००९ मध्ये सरकारने बेकार झालेल्यांना परतीसाठी माणशी तीन लाख येन देऊ केले. अट अशी, की त्याच सवलतीच्या परवान्यावर पुन्हा यायचे नाही. आजोबांचा देश म्हणून ज्यांना बोलावले, त्यांची पाठवणी अशी झाली. बरेच गेले, तरीही जपानमध्ये सर्वाधिक ब्राझिलियन वस्ती आजही याच शहरात आहे.

आणि कंपन्यांचे काय? होंडाचे मुख्यालय १९५० च्या दशकातच टोकियोला गेले. तिची येथील मोटारसायकल निर्मितीही २००८ साली कुमामोतोला हलली. जपानमध्ये १९८२ साली बत्तीस लाखांहून अधिक दुचाकी विकल्या गेल्या होत्या. आता हा आकडा चार लाखांच्या आसपास घुटमळतो. पियानोंचेही तेच. शहराने १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा सुरू केली, १९९५ मध्ये वाद्यांचे संग्रहालय उभारले आणि २०१४ साली युनेस्कोकडून संगीतनगरीचा मान मिळवला. पण पियानो बनवणाऱ्या हातांना त्याने काम मिळत नाही.

सुझुकीचे मुख्यालय मात्र हलले नाही. हलला तो तिचा गुरुत्वमध्य. १९८२ साली ओसामु सुझुकी यांनी मारुतीशी करार केला, १९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि आज या कंपनीच्या निम्म्याहून अधिक मोटारी भारतात विकल्या जातात. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ओसामु निवर्तले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुजरातेत बनलेल्या सोळाशेहून अधिक 'फ्राँक्स' मोटारी पिपावाव बंदरातून जपानकडे रवाना झाल्या होत्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेथूनच विजेवर चालणाऱ्या 'ई-विटारा'ची निर्यात सुरू झाली. या गाडीत पिस्टन नाही, झडपा नाहीत. हामामात्सूच्या गल्ल्यांतील कित्येक छोट्या कारखान्यांचे पोट आजही त्यांवरच चालते.