नेत्याच्या पत्नीचे मोजमाप कशाने?

नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातील शेजारच्या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. जायकवाडीपासून विष्णुपुरीपर्यंत शंकररावांनी उभे केलेले सिंचनाचे काम इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण या घरांतल्या स्त्रियांची ओळख ‘त्या खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिल्या’ एवढ्यावरच आटोपते. चौकातला शुभेच्छा फलक पाहा. साहेबांचा चेहरा हातभर मोठा असतो, आणि वहिनी असल्याच तर कोपऱ्यातल्या छोट्या गोलात, डोक्यावर पदर, हात जोडलेले. तिने काय केले, हे फलक सांगत नाही. त्यामुळे लोकांच्या मनात तिची प्रतिमा आदराची राहते आणि कामाचा पत्ता लागत नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला राज्यघटनेने कोणतेही पद दिलेले नाही. तरी तिला व्हाइट हाउसमध्ये स्वतंत्र कार्यालय आणि कर्मचारी मिळतात. १९७८च्या कायद्याने त्या व्यवस्थेला आधारही दिला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर तर १९३५पासून १९६२पर्यंत वृत्तपत्रात सदर लिहीत होत्या. त्यांची मते छापील होती, म्हणून ती खोडूनही काढता येत होती. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या किंवा मुख्यमंत्र्यांच्या जोडीदाराला घटनेत स्थान नाही, कामाची नोंद ठेवणारी व्यवस्थाही नाही. घरी गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांचे चहापाणी, आजारपणाची चौकशी, कार्यकर्त्यांची समजूत आणि हळदीकुंकवातून जुळलेला महिलांचा संपर्क ही सगळी राजकारणाचीच कामे आहेत. ती कुठल्याही अहवालात येत नाहीत, म्हणून त्यांचे श्रेयही मिळत नाही आणि जाबही विचारता येत नाही.

जिथे अशा घरातली स्त्री रीतसर पदावर आली, तिथे हे चित्र बदलले. लातूरजवळ निवळीला असलेल्या विलास सहकारी साखर कारखान्याच्या परिसराला वैशालीनगर असे नाव आहे. विलासरावांच्या पत्नी वैशालीताई देशमुख यांनी पुढे त्याच कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळले. नाव देणे हा सन्मान झाला. अध्यक्षपदाला मात्र उसाचा भाव, गाळप आणि सभासदांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. निलंगेकरांच्या सूनबाई रूपाताई पाटील यांनी २००४ साली लातूर लोकसभेत शिवराज पाटील चाकूरकरांचा पराभव केला. चाकूरकर तिथून सलग सात वेळा निवडून आलेले होते. नांदेड जिल्ह्यात भोकरमधून २०१४ साली अशोक चव्हाणांच्या पत्नी अमिता चव्हाण आमदार झाल्या.

ही तर घराणेशाहीच, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो खोटा नाही. आडनावाशिवाय ही उमेदवारी एवढ्या सहज मिळाली नसती. भोकरची जागा २०१९मध्ये पुन्हा अशोक चव्हाणांकडे आणि २०२४मध्ये त्यांची कन्या श्रीजया यांच्याकडे गेली. तरीही निवडून आलेल्या व्यक्तीला मतदार पाच वर्षांनी घरी बसवू शकतो. पडद्याआडून बदल्या आणि तिकिटे ठरवणाऱ्याला तो हातही लावू शकत नाही. उघड पद हे घराणेशाहीवरचे औषध नव्हे, पण उत्तरदायित्वाची पहिली पायरी नक्कीच आहे.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. तिने राजकारण निवडलेलेच नाही, मग तिच्यावर नजर का? हा मुद्दा पूर्णपणे मान्य करायला हवा. साडी, दागिने, लेकरांची लग्ने हे वाचकाच्या हक्काचे विषय नाहीत. प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या. त्यांचे पती देवीसिंह शेखावत त्याआधीच अमरावतीचे महापौर आणि आमदार राहिलेले असल्याने त्यांची ओळख स्वतःच्या पदांवरून सांगितली गेली. पत्नीच्या बाबतीतही हाच न्याय असावा. तिने सार्वजनिक काम केले नसेल तर तिला शांतपणे जगू द्यावे. केले असेल तर त्याची नीट नोंद व्हावी आणि परखड चिकित्साही.

मराठवाड्यातील वर्तमानपत्रे, गौरवग्रंथांचे संपादक आणि विद्यापीठांतील संशोधकांनी हे काम आता हाती घ्यावे. गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रिया अजून बोलू शकतात, तोवर त्यांच्याकडून या घरांतल्या कामाच्या आठवणी लिहून घ्याव्यात. मराठवाड्याचा राजकीय इतिहास त्याशिवाय अर्धाच राहील.