निशिगंधाचे कंद हलवायचे कधी?

परभणीच्या बागेत ट्यूलिपचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. त्याचा दांडा नीट वाढायला साधारण ५ ते ९ अंशांची थंडी सलग १२ ते १४ आठवडे लागते. इथे डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री तेवढ्या गार होतात, पण दुपारी ऊन पुन्हा तापते. इथे रुळलेला कंद निशिगंधाचा, म्हणजेच गुलछडीचा. मूळचा मेक्सिकोतला हा कंद थंडीत विसावतो आणि ऊन चढले की जागा होतो. म्हणून तो हलवण्याची वेळ थंड देशांतल्या पुस्तकांवरून नव्हे, त्याच्या पानांवरून ठरवावी. हिरवे पान साखर तयार करून कंदात साठवते. ते पिवळे पडून सुकले की साठा पूर्ण झाला असे समजावे. हिरव्या पानांसकट कंद उपटला, तर पुढच्या फुलाची शिदोरीच आपण अर्धी करतो.

फुले येताहेत, मग उकरायचे कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पहिली दोन वर्षे खरोखरच हात लावू नये. पण एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, फुलतात ती त्याच्या भोवतीची पिल्ले. तीनेक वर्षांत त्यांची इतकी दाटी होते की दांडे बारीक येतात. तेव्हा कंद काढून, पिल्ले सुटी करून महिनाभर हवेशीर सावलीत ठेवावीत आणि एप्रिल-मेमध्ये लावावीत. परभणीची काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात कंद कुजतात. त्यामुळे लागवड वरंब्यावरच हवी. दीड सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्ले वेगळ्या वाफ्यात वाढवावीत, ती बहुधा त्या वर्षी फुलत नाहीत.