चिमणीच्या पेटीचीही झाडलोट

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून साजरा करायला सुरुवात केली आणि त्यानंतर लाकडी घरटी वाटण्याची पद्धत गावोगावी रुजली. पेटी घ्यायची, गॅलरीत किंवा पेरूच्या झाडाला टांगायची, फोटो काढायचा. त्यापुढचे काम मात्र बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते. खरे तर विणीचा हंगाम सरला की पेटी उतरवून, रिकामी करून, धुऊन पुन्हा लावणे हा टांगण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. तेवढी तयारी नसेल, तर पेटी न लावलेली बरी.

हे म्हणणे कठोर वाटेल. त्यामागचे कारण मराठवाड्याच्या घरांत सापडते. माळवदाच्या घरात लाकडी सरे असत, दगडमातीच्या जाड भिंतींत कोनाडे आणि भेगा असत. एक जागा किडली तर चिमणीला शेजारी दुसरी मिळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच जड घरांनी हजारो माणसांचा जीव घेतला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि लोकांनी सिमेंट-काँक्रीटवर भरवसा ठेवला, तो योग्यच होता. नांदेड आणि लातूर शहरांतही आता स्लॅबची घरे उभी आहेत. गिलावा केलेल्या सपाट भिंतीत पक्ष्याला शिरायला फट उरत नाही. मोंढ्यात सांडलेले धान्य आजही आहे, पण दाणे टिपण्याची सोय म्हणजे घरटे करण्याची सोय नव्हे. अशा ठिकाणी टांगलेली पेटी त्या परिसरातली एकमेव ढोली ठरू शकते. जिथे निवडीला वाव नाही, तिथे जागा चांगली ठेवण्याची जबाबदारी ती देणाऱ्यावर येते.

न झाडलेल्या पेटीत काय साचते? गवत, पिसे, विष्ठा, न उबलेली अंडी, कधी मेलेले पिल्लू, आणि त्यात टिकून राहणाऱ्या पिसवा व रक्त शोषणारे बारीक किडे. स्वित्झर्लंडमध्ये ग्रेट टिट या लहान पक्ष्यावर झालेला एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. स्वच्छ आणि पिसवा असलेली अशा दोन पेट्या समोर असताना पक्ष्यांनी स्वच्छ पेटी निवडली. निवडीची संधी नसलेल्या, फक्त पिसवांची पेटी मिळालेल्या जोड्यांनी मात्र अंडी घालायला सरासरी ११ दिवस उशीर केला. आपल्याकडचा दाखला कोलकात्याचा आहे. तिथल्या चिमण्या घरट्यात कडुनिंबाची पाने आणतात, अशी नोंद १९८१ साली प्रसिद्ध झाली आणि किडे दूर ठेवण्यासाठी त्या असे करत असाव्यात, असा अर्थ अभ्यासकाने लावला. म्हणजे घरट्यातल्या किडींचा त्रास पक्ष्यांना जाणवतो आणि ते त्यावर आपल्या परीने उपायही शोधतात.

‘जंगलातली ढोली कोण झाडतो?’ असा प्रश्न यावर हमखास येतो. कोणीच नाही, हे खरे. पण जंगलात ढोल्या अनेक असतात, पक्षी जागा बदलतो, ओलाव्यात जुने गवत कुजून जाते. कोरड्या, बंद पेटीत ते तसेच राहते. त्यावर नवे घरटे रचले की थर चढत दाराशी येतो आणि पिल्ले मांजर-कावळ्याच्या टप्प्यात येतात. जुने गवत पाहून काही पक्षी उलट आकर्षित होतात, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. पण आकर्षित होणे आणि पिल्ले सुखरूप वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंडीत चिमण्या रात्रीच्या मुक्कामाला पेटीत येतात, म्हणून ती हलवू नये, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. त्याचे उत्तर एवढेच की, सकाळी उतरवलेली पेटी वाळवून संध्याकाळच्या आत जागेवर लावावी.

मुहूर्ताचा प्रश्न अवघड आहे, कारण विलायती पुस्तकांतले वेळापत्रक इथे चालत नाही. दयाळची वीण साधारण मार्च ते जुलै, साळुंकीची एप्रिल ते ऑगस्ट; चिमणी मात्र जवळजवळ कोणत्याही महिन्यात अंडी घालू शकते. पाऊस ओसरून ऊन पडू लागते ते दिवाळीच्या आसपासचे दिवस सोयीचे. तरी आधी पेटीवर लक्ष ठेवावे. अंडी उबायला बारा-तेरा दिवस आणि पिल्ले उडायला आणखी दोन आठवडे लागतात. ये-जा दिसली किंवा आत अंडी आढळली, तर काम महिनाभर पुढे ढकलावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणे येते, त्यामुळे दिवाळीची साफसफाई ही सबब होऊ शकत नाही.

काम तासाभराचे आहे. नाकातोंडावर फडके आणि हातमोजे हवेत. आतल्या गवतावर आधी पाणी शिंपडावे, म्हणजे विष्ठेची धूळ श्वासात जात नाही. सगळे काढून पुरून टाकावे. सुतळी, मांजा, प्लास्टिकचे धागे वेगळे करावेत, कारण पिल्लांचे पाय त्यांतच अडकतात. पेटीवर उकळते पाणी ओतून ती कडक उन्हात वाळवावी. फिनाईल, कीटकनाशक किंवा आतून रंग यांपैकी काहीही नको. तळाची भोके मोकळी आहेत का, छप्पर गळते का, खारीने दार कुरतडून मोठे केले का, हे पाहावे. चिमणीला ३२ मिलिमीटरचे दार पुरते. पुन्हा लावताना पश्चिमेचे ऊन टाळावे, कारण आपल्या एप्रिल-मेमध्ये छोटी पेटी तव्यासारखी तापते.

२०२० च्या भारतीय पक्ष्यांविषयीच्या अहवालानुसार देशभरात चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे; घट दिसते ती महानगरांत. मग एवढा खटाटोप कशाला? चिमणी संपत चालली म्हणून पेट्या लावा, हा युक्तिवाद त्यामुळे दुबळा होतो, हे मान्य करावे. पण पेटी लावून पक्ष्याला एकदा बोलावले की त्याच्या पिल्लांचे बरेवाईट आपल्याशी जोडले जाते. देशातली आकडेवारी त्यात काही बदलत नाही. म्हणून पेट्या वाटणाऱ्या शाळांनी आणि मंडळांनी दोन नियम पाळावेत: झाकण उघडत नसलेली पेटी वाटू नये, आणि मार्चमध्ये पेटी देतानाच ती झाडायची आठवण दिनदर्शिकेतल्या नोव्हेंबरच्या पानावर लिहून द्यावी. किती पेट्या वाटल्या यापेक्षा दुसऱ्या वर्षी किती वापरण्याजोग्या राहिल्या, हा हिशेब अधिक उपयोगाचा आहे.